तीन राक्षसांची कॅसेट

गुरुदास मस्कतहून रजेवर आला तो १९८९ चा मे महिना. पुतण्यासाठी, म्हणजे सत्यवानसाठी, त्याने टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेम आणला होता. आमच्या वाडीत टीव्हीच दोन, त्यामुळे दुपारी अर्धी वाडी सत्यवानच्या घरात असायची.

खेळ जपानी होता. पडद्यावरची अक्षरं कुणालाच वाचता येत नव्हती. मी चौतीस वर्षं मुलांना अक्षरं शिकवली, पण इथे मीही बिगारीत. एक बुटका वीर गावोगाव हिंडायचा, बारक्यासारक्या प्राण्यांशी मारामारी करायचा आणि शेवटी मोठा राक्षस समोर आला की वाजप, म्हणजे मागचं संगीत, बदलायचं. ते बदललं की मुलं एकमेकांचे दंड पकडायची.

असे तीन राक्षस मुलांना माहीत होते. त्यांची खरी नावं त्या जपानी अक्षरांत अडकलेली, म्हणून मुलांनीच बारसं केलं. मगरीच्या तोंडाचा तो सुसरो, चिलखतवाला लोखंड्या, आणि काळं पांघरूण घेतलेला घोंगडेवालो.

दुपारी वीज गेली की खेळ बंद. मग सत्यवानने एक युक्ती काढली. काकाचा टेप टीव्हीसमोर धरून त्याने तिन्ही राक्षसांची वाजपं एका कॅसेटवर भरून घेतली. वीज गेली की मुलं काकाचा वॉकमन घेऊन माझ्या पडवीत यायची आणि हेडफोन आळीपाळीने कानाला लावून भांडायची.

"सुसऱ्याचा वाजप सगळ्यात बरा. छाती धडधडता," सत्यवान म्हणायचा.

"तुझी उंदीर बघलंस तरी धडधडता," इति सुगंधा. "लोखंड्याचा ऐक. पाय आपटीत येता तो."

मी पूर्वी दशावतारात पायपेटी वाजवायचो, त्यामुळे निवाड्याला मला बसवत. मी निवाडा देत नसे. "डोळे मिटा," मी सांगायचो. "ठेका मोजा. सूर वर चढता की खाली उतरता, ता बघा. आपल्या नाटकात राक्षस येवच्या आधी पखवाज येता. राक्षस मागाहून. मग भीती कोण घालता, राक्षस की पखवाज?"

मुलं खरंच डोळे मिटून बोटांवर मोजत बसायची. शाळेत पाढे म्हणताना अशी कधी बसली नव्हती.

या सगळ्यांत कावेरी होती, काशिनाथची धाकटी. चौथी पास झालेली. जूनपासून तिने तीन मैलांवरच्या हायस्कुलात जायचं, असं आधी ठरलेलं. पण दिवाळीत तिला गालगुंड झालं आणि त्यानंतर पोर बदलली. हाक मारली तर कधी ओ द्यायची, कधी नाही. ओ दिलीच तर भलतीकडे बघून. वर्गात मुलींची रांग उजव्या भिंतीला, त्यात ही अगदी भिंतीला चिकटून. बाईंनी विचारलेलं तिला कळायचं नाही. बाई म्हणाल्या हट्टी आहे, आजी म्हणाली नजर लागली, आणि वाडीतली पोरं भैरी म्हणायला लागली.

काशिनाथने आठवड्यापूर्वी मला सांगून टाकलं होतं. "भाई, माका काय हौस नाय. पण मेन रस्त्यान चलात जावचा, मागसून ट्रक येतत. हिका हॉर्न ऐकाक नाय इलो तर? ऱ्हवांदे घराकडे."

दिसत होतं ते मलाही भिववत होतं. पायपेटीवाल्याला कान म्हणजे काय हे माहीत असतं.

त्या दिवशी वीज गेली, मुलं आली, आणि काशिनाथ कलमांच्या बागेतून परतताना कावेरीला न्यायला आला. घोटभर पाणी पिऊन तो पायरीवर टेकला. इतक्यात सुगंधाने हेडफोन पहिल्यांदाच कावेरीपुढे केला.

"हिका कित्याक देतंस?" सत्यवान म्हणाला. "सेल उतारले हत. माकाच जेमतेम ऐकाक येता."

"गप रे," मी म्हणालो. "तिची पाळी आसा."

खरं सांगायचं तर मला ती पाळी नको होती. बापाच्या देखत तरी नको होती.

कावेरीने हेडफोन नीट बघितला. त्याच्या कानपट्ट्यांवर डाव्याउजव्याच्या खुणा होत्या, त्या तिने माझ्याकडून विचारून घेतल्या आणि बरोबर तशाच कानांवर ठेवल्या. सत्यवानने बटण दाबलं. ती डोळे मिटून बसली. बोटं मोजायला तयार ठेवली होती, ती तशीच राहिली.

मग तिने डोळे उघडले.

"काय ऐकाक येना नाय," ती म्हणाली.

एकही पोर हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं. काशिनाथ तांब्या खाली ठेवून उठला. "चल गो," एवढंच म्हणाला.

कावेरीने हेडफोन काढून सुगंधाकडे दिला. सुगंधाने तो घाईघाईत डोक्यावर चढवला, क्षणभर ऐकलं, तोंड वाकडं केलं, काढला आणि उलटा करून पुन्हा घातला. मग डोलायला लागली.

"उलटो कित्याक केलंस?" मी विचारलं.

"काय?" ती ओरडली. मी हेडफोन तिच्या कानावरून उचलला आणि पुन्हा विचारलं.

"एकच बाजू वाजता ना, भाई. उजवी बाजू कधीच मेली. माझ्या डाव्या कानात मळ आसा, म्हणान मी वाजता ती बाजू उजवीकडे घेतंय."

"आणि ह्या तुमका सगळ्यांका म्हायत होता?"

"होय तर," सत्यवान म्हणाला. "काका येताना हेडफोन इमानातच मोडलो."

मला सोडून सगळ्यांना. आणि कावेरीला सोडून.

"काशिनाथ, बस," मी म्हणालो.

"भाई, कित्याक पोरीक..."

"बस म्हणतंय ना."

मी हेडफोन घेतला, सुगंधासारखाच उलटा धरला आणि माझ्या हातांनी कावेरीच्या डोक्यावर ठेवला. चालू बाजू आता उजव्या कानावर. कॅसेट मागे नेली. घाईत बटण दोनदा चुकलं.

सुरू झालं तशी ती दचकली. मग डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं हळूच हलू लागली, एक, दोन, तीन, चार, आणि पुन्हा एक.

"सुसरो," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "आता लोखंड्या." मग तिची बोटं मध्येच थांबली, पुन्हा हलली. "ह्यो घोंगडेवालो. पण भाई, ह्यो रागावलेलो नाय. मधी मधी थांबता. दमलो आसा तो."

तो थांबणारा ठेका मी स्वतः टीव्हीवर तीनदा ऐकून चौथ्यांदा पकडला होता.

"अंदाजान सांगता," सत्यवान पुटपुटला. "पडद्यावर बघलेला आठावता तिका."

कावेरीने डोळे न उघडताच हात वर केला. "थांब, थांब. ह्या काय? बाई कोण ओरडता... 'अरे सत्या, मेल्या, दूध उतू गेला, खंय मेलंस?'"

सत्यवानचं तोंड उघडंच राहिलं. त्याने हेडफोन हिसकावला, कॅसेट मागे नेली आणि कानाशी दाबून धरला. राक्षसाच्या वाजपाच्या पार मागे, स्वयंपाकघरातून ओरडलेली त्याची आई आमच्यापैकी एकाच्याही कानी पडली नव्हती.

"आवशीचो आवाज!" तो म्हणाला. "त्या दिवशी मार पण खाल्लंय मी!"

मग मात्र हशा झाला. कावेरी सगळ्यांत जास्त हसली. मी काशिनाथकडे बघितलं. तो खांबाला धरून उभा होता आणि टोपीने तोंड पुसत होता.

"एक कान गेलो, काशिनाथ," मी म्हणालो. "गालगुंडान जाता कधी कधी. डॉक्टराक दाखव, तो नीट सांगात. पण दुसरो माझ्यापेक्षा बरो आसा. भिंतीकडे होतो तो, म्हणान वर्गात उपयोग नाय झालो. हायस्कुलात हिका डाव्या बाजूक बसवूक सांगूया. मी येतंय तुझ्यावांगडा."

"आणि ट्रक?"

"ट्रकाचो आवाज घोंगडेवाल्याच्या मागच्या आवशीपेक्षा मोठो आसता."

तो हसला. दिवाळीपासून मी त्याला हसताना बघितलं नव्हतं.

"जूनात फी कधी भरूची?" त्याने विचारलं, आणि मी तारीख सांगितली.

दोघं निघाली तेव्हा पोरांचं भांडण पुन्हा सुरू झालं होतं. कावेरीने पायरीवरून ओरडून आपलं मत देऊन टाकलं, "घोंगडेवालो पयलो!" बाप तिच्या डाव्या बाजूने चालत होता. चार पावलांवर तो थांबला, तिच्या मागून वळसा घालून उजवीकडे आला आणि काहीतरी बोलायला लागला. ती लगेच उत्तर देत होती.