वायरीचं वजन

"परत लाल झालं!" नसरीननं माउस सोडून दिला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "सगळं तीनदा तपासून बघितलं, तरी लालच. काय पायजे काय ह्याला?"

इस्माईलभाई सोप्यात चटईवर बसून चष्मा पुसत होते. रविवारची सकाळ होती. पोरगी पुण्याहून शनिवारी घरी आली ती लॅपटॉप घेऊनच, आणि उठल्यापासून त्याच्यापुढे बसली होती. रुकसानाबीनं दिलेला चहा केव्हाच निवला होता.

"काय लाल होतंय?" त्यांनी विचारलं.

"ट्रस, अब्बा."

नसरीन एका कंपनीत स्टेजची आखणी करायची. कार्यक्रम कुठलाही असो, स्टेज आधी कॉम्प्युटरमध्ये उभं राहायचं. येत्या बुधवारी भोंगवलीच्या शाळेला पन्नास वर्षं पुरी होत होती आणि ते काम तिच्या कंपनीला मिळालं होतं. ट्रस म्हणजे चाळीस फुटांची ॲल्युमिनियमची तुळई, शिडीसारखी विणलेली, दोन टोकांना दोन मनोरे, आणि तिला टांगलेले छत्तीस दिवे. वजन झेपत असेल तर पडद्यावर तुळई हिरवी दिसायची, नसेल तर लाल.

इस्माईलभाई उठून तिच्या शेजारी येऊन बसले. भोर तालुक्यात चाळीस वर्षं त्यांना 'लाईटवाले' म्हणत. जत्रा, लग्नं, उरूस, गॅदरिंग, कुठंही उजेड पाहिजे असला की इस्माईलभाईंना निरोप जायचा. बांबू, सुंभ आणि डालड्याच्या डब्यांत बसवलेले हजार वॅटचे बल्ब. पुढं पुण्याच्या कंपन्या आल्या, बोलावणी कमी झाली, आणि चार वर्षांपूर्वी त्यांनी सगळं सामान नसरापूरच्या एका मंडपवाल्याला देऊन टाकलं. पडद्यावरची ती चकचकीत तुळई त्यांना आवडली. हिच्यावर पाखरं बसणार नाहीत, असं उगाच मनात आलं.

"लाईटा किती धरल्यात त्यानं?"

"छत्तीस. दिसतायत की."

"दिसतायत ते ऱ्हाऊ दे. त्यानं किती धरल्यात ते विचार. सामान गाडीत चढताना मी कवा डोळ्यानं मोजलं न्हाई. यादीच वाचायचो."

नसरीननं यादी उघडली आणि तिचा चेहराच पडला. बहात्तर. काल बसमध्ये घाईत काम करताना दिव्यांची अख्खी रांग दोनदा चिकटवली गेली होती. एकावर एक तंतोतंत बसल्यानं दिसत मात्र एकच होती. तिनं वरची रांग पुसली. तुळई हिरवी झाली.

"अम्मी! हिरवं झालं गं!" ती ओरडली. स्वयंपाकघरातून रुकसानाबी म्हणाली, "झालं न्हवं? आता न्याहारी कर."

पण इस्माईलभाई उठले नाहीत. चष्मा नाकावर सरकवून ते पडद्याकडं बघत राहिले.

"ह्यात वायर कुठाय?"

"वायर दाखवत नाहीत अब्बा. गर्दी होते चित्रात."

"चित्रात नसंना का. वजनात धरली का?"

"सर म्हणतात वायरीचं काय धरायचं. थोडंफार असतंच जास्तीचं."

 इस्माईलभाईंनी बोटानं तुळईवरून रेघ ओढली, डावीकडून उजवीकडं. जनरेटर एका टोकाला होता, म्हणजे सगळी वायर एकाच बाजूनं चढणार. छत्तीस दिव्यांची वायर, जाड काळी, मधोमध जुडगा होऊन लोंबणार.

"तुला हैबतीकाका आठवतो?"

"न आठवायला काय झालं! खवा आणायचे माझ्यासाठी. लंगडत यायचे एसटीवरून."

"कशानं लंगडायचा?"

"कामथडीला पडले होते ना. बांबू कुजका निघाला म्हणून."

हैबती वेल्ह्याच्या वरच्या अंगाचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. अनवाणी पायानं बांबूवर असा चढायचा की खालची माणसं जेवण सोडून बघत राहायची. वर गेला की तिथूनच गाणं म्हणायचा, आणि इस्माईलभाई खालून वायर देता देता शिव्या द्यायचे. दहा वर्षं दोघांनी एकत्र काम केलं. एका ताटात जेवले, एका टेम्पोत झोपले.

"बांबू कुजका नव्हता," इस्माईलभाई म्हणाले.

नसरीननं मान वर केली.

"चांगला होता बांबू. म्या सोता निवडलेला. एक्क्याण्णव साल. नवीन वायर आणली होती, जाड, लई कौतुक मला तिचं. लाईटांचं वजन धरलं, वायरीचं धरलं न्हाई. हैबती मधी बसून बांधत होता. आडवा बांबू मोडला तो त्याच्यासकट." त्यांनी पडद्यावर तुळईच्या मधोमध बोट टेकवलं. "दवाखान्यात लोकं इचारायला लागली, तर त्योच म्हनला, बांबू कुजका निघाला. माझ्याकडं बघून म्हनला. त्याला ठावं होतं. मी गप ऱ्हायलो."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मग नंतर?"

"नंतर काय. पाय बारीक झाला, मेंढरांकडं परत गेला. येत ऱ्हायला, खवा आणत ऱ्हायला. दर येळी वाटायचं आज बोलू. गेल्या साली गेला. मातीला गेलतो मी. तितंबी माणसं म्हनत होती, कुजक्या बांबूनं घात केला." इस्माईलभाईंनी चष्मा काढला, पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही. "वायर धर, बेटा."

नसरीननं वायर धरली. किती फूट, फुटाला किती वजन, ते इस्माईलभाईंनी तोंडी सांगितलं. बटण दाबलं आणि तुळई मधोमध लाल झाली.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. काल रात्रीच पाठवायचा नकाशा अजून का आला नाही, हेच विचारायला. इस्माईलभाईंना पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पोरीचं तेवढं येत होतं.

"हो सर, हिरवं झालं होतं... नाही सर, ते चुकीचं होतं. वायर मी धरली नव्हती... हो, माझीच चूक... नाही सर, असा नाही पाठवणार मी. दुपारपर्यंत बदलून देते." पलीकडं आवाज चढलेला असावा, कारण तिनं फोन कानापासून जरा लांब धरला. मग परत म्हणाली, "नाही सर. असा नाही."

तिनं फोन ठेवला. इस्माईलभाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, कामात मध्येच लाड करायची त्यांना सवय नव्हती.

मग बापलेक दुपारपर्यंत बसले. मध्ये खांब दिला असता तर काम सोपं होतं, पण खांबाआड पोरं दिसली नसती. शेवटी बारा दिवे खाली उतरवून दोन्ही अंगांना जमिनीवर उभे केले, आणि उरलेल्या चोवीस दिव्यांची वायर निम्मी इकडून, निम्मी तिकडून चढवली. तुळई हिरवी झाली. विजेचं मात्र इस्माईलभाईंनी पुन्हा अडवलं. कॉम्प्युटरनं तीन फेजांवर बारा-बारा दिवे सारखे वाटले होते. पण ओळीनं वाटल्यामुळं सगळे पिवळे दिवे एकाच फेजवर आले होते.

"मोजून बरोबर हाये त्याचं. पन पिवळे एकदम लागतात, बेटा. गाणारी बाई स्टेजवर आली की समदे एकदम. जनरेटर बसंल. प्रत्येक रंग तिन्हीवर वाट."

नसरीन हसली. "हे त्याला कोण सांगणार अब्बा, बाई कधी येणार ते?"

"ते त्यानं गॅदरिंगं बघाय पायजेत," इस्माईलभाई म्हणाले.

बुधवारी इस्माईलभाई आणि रुकसानाबी एसटीनं भोंगवलीला पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. शाळेचं मैदान भरून गेलं होतं. तुळई वर चढली होती, सरळ, कुठंही न वाकता. इस्माईलभाई सवयीनं स्टेजच्या मागं निघाले, तर दोरीपाशी उभ्या असलेल्या माणसानं अदबीनं म्हटलं, "बाबा, हिकडं न्हाई. पब्लिक म्होरं." दूरवर काळ्या टीशर्टातली नसरीन कुणाला तरी हात करून काही सांगत होती. तिला हाक मारावी असं त्यांना वाटलं, पण मारली नाही.

ते तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. चाळीस वर्षांत खुर्चीवर बसून कार्यक्रम बघायची ही पहिलीच वेळ. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना.

पडदा सरकला. शाळेची जुनी विद्यार्थिनी, आता नाव काढलेली गायिका, नमस्कार करत पुढं आली आणि सगळे पिवळे दिवे एकदम लागले. मैदानभर पिवळं ऊन पडलं. टाळ्या कडाडल्या. इस्माईलभाई मात्र कान देऊन स्टेजमागचा जनरेटर ऐकत होते. आवाज एका लयीत होता. कुठं खोल गेला नाही. ते तसेच अर्धवट उठून, मान उंच करून वर दिव्यांकडं बघत राहिले.

मागून एका बाईनं त्यांच्या खांद्याला हात लावला. "बाबा, वाईच खाली बसा की. पोरींना कायबी दिसंना झालंय."

"व्हय, व्हय. चुकलं," इस्माईलभाई म्हणाले. आणि खुर्ची थोडी बाजूला घेऊन, सगळ्यांसारखे खाली बसले.