बारीक जाळी

नरहरीने स्ट्रेनरचं टोपण उघडलं आणि आत हात घातला. लाइन बंद होती, पाइप थंड होता. बोटांना गंजाची भुकटी लागली. जाळी लागली नाही.

वाफेबरोबर वाहत येणारा कचरा अडवायला लाइनवर स्ट्रेनर बसवतात. हा इंजिनिअर म्हणून नरहरीनेच निवडला होता. निवडताना वाफ किती जाणार, दाब किती उतरणार, याचं गणित मांडायचं असतं. नरहरीने पाइपाच्या मापाचा स्ट्रेनर मागवला आणि जाळी कॅटलॉगातली सगळ्यात बारीक घेतली. बारीक जाळीला कुठलाच साहेब नावं ठेवत नाही, एवढंच त्याचं गणित होतं.

"जाळी कुठं गेली?"

बळीराम फिटर टोपणाकडे पाहत राहिला. "पयलेच काढली, साहेब. घडीघडी चोक होऊन राहिली होती. तिकडं वाफ पोचे नाही आन् फोरमन बोंबले."

"काढली कोणी?"

बळीराम हात पुसू लागला. हात तसे स्वच्छच होते.

जाळी नव्हती म्हणून गंजाचा तुकडा वाहत गेला आणि पुढच्या व्हॉल्व्हमध्ये अडकला. पुंडलिक फिटरने तो व्हॉल्व्ह बंद केला, आणि बंद झालाच आहे असं समजून पुढचा जोड खोलला. वाफेने त्याला पुरतं भाजलं. सोमवारी तो दवाखान्यात गेला, म्हणजे वारला.

भिलाईजवळच्या रसमड्याच्या त्या कारखान्याचा नियम सरळ होता. माणूस कामावर मेला तर बायकोला कँटीनमध्ये नोकरी. स्वतःच्या चुकीने मेला तर शोकसभा. जाळी पुंडलिकनेच काढली असं ठरलं की त्याच्या बायकोला, शेवंताला, शोकसभेवर भागवावं लागणार होतं.

चौकशी कारखान्यातले वरचे साहेब श्यामराव यांच्याकडे होती आणि भोपाळचा सरकारी इन्स्पेक्टर यायच्या आत ती उरकायची होती. संध्याकाळी ते कुरुदला नरहरीच्या घरी आले. दोघेही वर्ध्याकडचे, तेव्हा चौकशी चहावरच व्हायची. काळजीचं काही कारण नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. पुंडलिकविरुद्ध एवढासा पुरावा मिळाला की स्ट्रेनर कोणी निवडला हे कोणी विचारणार नव्हतं. नरहरीची बढतीही अडणार नव्हती.

नरहरीची बायको रत्नमाला तिथेच चहा गाळत होती. चहा थेंबाथेंबाने उतरत होता आणि ती चमच्याने गाळणी ठोकत होती. नरहरीचं लक्ष त्या गाळणीच्या जाळीकडे गेलं. त्याने ती ओळखली.

"ही कुठली?"

"संक्रांतीचं वाण नाही का? मंडळाच्या हळदीकुंकवाले शेवंतानं लुटलं. पुंडलिकभाऊनं घरीच बनवल्या होत्या."

भिलाईच्या त्या मराठी मंडळात वाण बाजारातून आणणं कमीपणाचं समजत. नवऱ्याच्या हातचं असलं तर बायका कौतुकाने मिरवत.

"साऱ्यायलेच देल्ल्या?"

"साऱ्यायले. सत्यशीलावहिनीले बी." तिने श्यामरावांकडे पाहिलं. सत्यशीला त्यांची बायको. "वेळ लागते गाळाले. पण पत्ती येत नाही."

श्यामरावांनी गाळणीकडे पाहिलं, मग बराच वेळ पंख्याकडे. पंखा बंद होता.

"आमच्या घरी अशीच आहे," ते म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं. "तर नरहरी, काय लिहू?"

नरहरीने बायकोच्या हातातून गाळणी घेतली, नळाखाली धुतली, खिळ्याला अडकवली.

"लिहा, जाळी मीच चुकीची निवडली. त्या लाइनले झेपणारी नव्हती. जाळी काढल्याशिवाय कारखाना चालत नव्हता."

"काढली कोणी?"

"मले मालूम नाही."

"बढती जाईन तुझी."

"चहा घ्या. थंडा होऊन राहिला."

श्यामरावांनी सगळं लिहून घेतलं, खाली नरहरीची सही घेतली. मग कप उचलून चहा शेवटपर्यंत प्यायले. तळाशी पत्तीचा एक कणही नव्हता.