माहेरचा फोटो

शोघिकनं कॉफीचा ट्रे पुढे केला, पण मिसाकआजोबांनी कप उचललाच नाही. नातवासाठी, ह्राइरसाठी, मुलगी मागायला आलेला माणूस, आणि नजर भिंतीवर! ते उठले, चष्मा पुसून थेट फोटोपाशी गेले.

"ही कोण?"

"माझी आई. शेजारी मी, चौदा वर्षांची," शोघिकची आजी सिरानुश म्हणाली. पन्नास वर्षं ती हेच सांगत आली होती.

"अगं, ही माझी आई! मार्गारिद. भुवईवरचा व्रण बघ. तुर्कांनी आम्हाला वाळवंटात हाकललं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तिच्या कडेवर माझी धाकटी बहीण होती, वार्तेर." ते सिरानुशकडे वळले. "तूच ना ती? अनाथाश्रमात नाव बदललं असेल तुझं!"

आणि भरल्या घरात तो म्हातारा तिचे दोन्ही हात धरून हमसून हमसून रडला. किती अनाथाश्रम पालथे घातले, किती चर्चच्या याद्या वाचल्या, सांगत सुटला. सिरानुशला हात सोडवेनात. असं हक्कानं तिला कुणी कधी धरलंच नव्हतं.

शोघिकनं ट्रे टेबलावर आदळला.

"म्हणजे मी आणि ह्राइर भाऊबहीण?"

ह्राइर मान खाली घालून बसला. सात पिढ्यांच्या आतलं नातं. बैरूतच्या अख्ख्या बूर्ज हम्मूद वस्तीत एकही आर्मेनियन पाद्री हे लग्न लावणार नव्हता.

"काय करणार बाळांनो," मिसाक डोळे पुसत म्हणाले. "तुम्हाला स्थळं मिळतील दुसरी. मला बहीण कुठून मिळणार होती?"

शोघिकचे ओठ थरथरत होते. सिरानुश तिच्याकडे बघत राहिली. नुसती गप्प बसली असती, तर आई राहणार होती, वर भाऊही मिळणार होता.

"मी वार्तेर नाही," ती म्हणाली.

"अगं पण..."

"लग्न ठरलं तेव्हा सासरच्या भिंतीवर लावायला माझ्याकडे माहेरचं कुणीच नव्हतं. अलेप्पोच्या फोटोवाल्याकडे लोकांनी काढून घेतलेले, पण न्यायला न आलेले फोटो खोकाभर पडले होते. म्हणाला, घे पोरी, आवडेल ती आई. मग त्यानं मला तिच्या शेजारी चिकटवलं. माझ्या खांद्यापाशी कात्रीची रेघ आहे, बघा."

मिसाकनी बोटानं ती रेघ चाचपली.

"म्हणजे आई अलेप्पोपर्यंत पोचली होती," ते हळूच म्हणाले. "जिवंत."

शोघिक आजीला बिलगली होती. मिसाकनी फोटोवरचा हात काढला.

"आणि तुमची आई? कशी होती दिसायला?"

"ते आठवलं असतं," सिरानुश म्हणाली, "तर हिला कशाला घेतलं असतं?"