बेबीचं भविष्य

"हा चहा आहे की काढा?" दादा कपाकडे बघत पुटपुटला. शेजारी वाकून आप्पांच्या पायात मोजा चढवणाऱ्या बेबीला ते बरोब्बर ऐकू आलं.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही घरात ती बेबीच. इस्पितळात मात्र तिच्या पावलांच्या आवाजानेच अख्खा वॉर्ड सरळ व्हायचा. दूरच्या शहरात तिला मेट्रनची जागा मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. दोन्ही भावांना तिने ते आधीच सांगितलं होतं. पण आप्पांना कोण नेणार, हा विषय निघाला की एकाला फोन यायचा आणि दुसऱ्याला ढेकर.

"टेप लावा रे," आप्पा म्हणाले.

आप्पा रेडिओ दुरुस्त करायचे. पोरं लहान असताना त्यांनी घरादाराचं भविष्य टेप करून ठेवलं होतं. त्यांच्या दर वाढदिवसाला ते वाजायचंच. खरखरीतून तरुण आप्पा बोलू लागले. माणसं चंद्रावर घरं बांधतील. घरोघर केर यंत्रं काढतील. दादा विमान चालवील, धाकटा मोठा शास्त्रज्ञ होईल.

"दादाला झोपाळ्यावरसुद्धा चक्कर येते!" धाकटा खिदळला.

"आणि तू रे शास्त्रज्ञा? नळाच्या तोट्या विकतोस!"

आप्पांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. दादाचा हात बटणाकडे गेला. "पुढे टेप खराब आहे."

दरवर्षी ती इथेच खराब व्हायची. बेबीने त्याचं मनगट धरलं, नाडी बघावी तसं. सोडलं मात्र नाही.

"आणि आपली बेबी हो?" टेपमधून आईचा आवाज.

"ती कुठे जातेय! राहील आपल्यापाशी. म्हातारपणी आपलं करायला."

मागे एक लहान मुलगी आनंदाने टाळ्या वाजवत होती.

"बघा," धाकटा ओशाळं हसला, "आप्पांचं एक तरी भाकीत खरं निघालं!"

आलेली दोन स्थळं बेबीने याच खोलीतून परत पाठवली होती.

"भाकीत कसलं, डोंबलाचं! नेमणूक होती ती माझी. चंद्रावर कुणी राहायला गेलं नाही, तर कुणाचं अडलं? मी गेले असते, तर तुम्ही दोघांनी घर डोक्यावर घेतलं असतं."

"अगं, आप्पांसमोर काय हे—"

"त्यांच्यासमोरच!" तिने उरलेला मोजा दादाच्या मांडीवर टाकला.

मग आप्पांनी आपला उघडा पाय हळूहळू दादाकडे सरकवला.

"तुम्हा दोघांनाही मी नकोय, ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "मोजा चढव."