पाणी जास्त झालं

मित्रांनो, त्या दुपारी मी नळाखाली अर्धी भरलेली होते. सकाळी छातीत कळ आली म्हणून बाई मला तशीच टाकून दवाखान्यात गेल्या होत्या. फाटक वाजलं. मालक एकटेच आत आले, पायरीवर बसले आणि बोक्याला म्हणाले, "साहेब, ती गेली रे."

मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. घर नवीन होतं तेव्हा बाईंनी मला आणलं. घरामागच्या वाफ्यांत त्यांनी वांगी, टोमॅटो, पालक लावला. बोका बांधावर बसून नुसती देखरेख करायचा, म्हणून तो साहेब. "उठा साहेब, तिथे पालक उगवायचाय," असं म्हणून बाई त्याच्या शेपटीवर चार थेंब टाकायच्या. मालक शिंपी. दिवसभर दुकानात मशीनवर. बागेत यायचे ते जेवता जेवता मिरची तोडायला.

बाई गेल्यावर मालकांनी मला हातात घेतलं. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पुन्हा पाणी. तिच्या झाडांना काही कमी पडू नये, एवढंच त्यांच्या मनात. वांग्यांची पानं पिवळी पडली, तसं त्यांनी आणखी पाणी घातलं. साहेब चिखल टाळून कुंपणावरून ये-जा करू लागला.

एक दिवस शेजारच्या वहिनींना राहवलं नाही. "अहो भावोजी, वांगी आहेत ती, मासे नव्हेत!"

"पानं मलूल झालीत हो, वहिनी."

"मुळं कुजलीत. ती आधी मातीत बोट घालून बघायची. ओल लागली की झारी खाली ठेवायची. तुम्ही कधी पाहिलं नाहीत?"

"मी दुकानात असायचो," मालक म्हणाले. "पाणी घालते, एवढंच माहीत होतं."

त्यांनी एक झाड ओढलं. ते चिखलासकट अलगद हातात आलं. मग दुसरं. सगळा वाफा गेला. मालक हात न धुताच तिथे बसले.

मित्रांनो, मी वस्तू आहे. मला धरणाऱ्या हाताला जेवढं कळतं, तेवढंच माझ्याकडून होतं. तुमच्या घरात कोणी रोज काही करत असेल, तर एकदा शेजारी उभे राहा. कसं करतात ते बघा, विचारा.

मालक आता मातीत बोट घालून मगच मला उचलतात. टोमॅटो तगले आहेत. वांग्यांचा वाफा खणून ठेवला आहे. त्यात अजून काही लावलेलं नाही.