नकाराचं कारण

मी तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आणि त्यातल्या एकाही अक्षरावर विश्वास ठेवला नाही, हे आधीच कबूल करते. काही कामं केंद्राची, काही राज्यांची, आणि काही हक्क असे की त्यांना दोघांनीही हात लावायचा नाही. मी फळ्यावर लिहिलं, पोरांनी घोकलं, परीक्षेनंतर सगळे विसरले. मीही.

मग आमच्या सूनबाईच्या दुकानाला सील लागलं.

ती दातांच्या कवळ्या बनवते. माहेर नदीपलीकडच्या राज्यातलं. तिथे बारा वर्षं हेच काम केलेलं. लग्न होऊन पूल ओलांडून आमच्याकडे आली, बाजारातल्या एका खोलीत तिनं मेणाचे साचे, कानशी, पॉलिशचं चाक मांडलं. परवान्यासाठी अर्ज केला आणि तात्पुरत्या पावतीवर काम सुरू केलं. सहा महिन्यांनी उत्तर आलं ते थेट कुलूप घेऊनच. आमच्या राज्यानं नवा नियम काढला होता: जन्म इथला असेल त्यालाच परवाना.

"आई, मी पलीकडे जाऊन काम करते," ती म्हणाली. "छोटीला सोबत नेते. हे सुट्टीला येत जातील."

'हे' म्हणजे माझा मुलगा. त्याची नोकरी इथली, हलण्यातली नाही. नात चार वर्षांची. म्हणजे माझं घर पुलाच्या दोन टोकांना वाटलं जाणार होतं. माझं डोकंच फिरलं. आणि डोकं फिरलं की मला कागद लागतो. मी आदेशाची प्रत मागवली.

अक्षर ओळखीचं निघालं. परवाना कार्यालयातला कारकून माझाच जुना विद्यार्थी. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला! पण 'नकाराचं कारण' या रकान्याशी मी थबकले. पठ्ठ्यानं सुवाच्य लिहिलं होतं: "कौशल्याबाबत शंका नाही. परीक्षा घेतलेली नाही. अर्जदाराचा जन्म नदीपलीकडचा."

दुसरा कुणी असता तर 'अनुभव अपुरा' असं काहीबाही ठोकून मोकळा झाला असता. पण माझ्या वर्गात रकाना कोरा ठेवला तर मी मार्क कापत असे, आणि थाप मारली तर दुप्पट. ही खोड त्याला मीच लावलेली.

"हा कागद घेऊन केंद्राच्या न्यायालयात जायचं," मी जाहीर केलं.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," मुलगा पुटपुटला.

"मग तू चढू नकोस. आम्ही दोघी चढतो."

चार महिन्यांनी सुनावणी झाली. राज्याचा वकील बोलण्यात पट्टीचा. आरोग्य हा राज्याचा विषय, केंद्राच्या न्यायालयानं त्यात नाक खुपसू नये, नियम केला तो रुग्णांच्या भल्यासाठीच, वगैरे. मला वाटलं, संपलं.

न्यायाधीशबाईंनी आदेशाची प्रत उचलली.

"विषय राज्याचाच, मान्य. परवान्याची परीक्षा कशी घ्यायची ते राज्यानं ठरवावं. पण घेतली कुठे? तुमचाच माणूस लिहितो, शंका नाही म्हणून."

वकील कागद चाळत राहिला.

"नागरिकानं देशात कुठेही राहावं, कुठेही काम करावं, हा हक्क संविधानानं दिलाय. तो कुठल्याही राज्याला काढून घेता येत नाही. हिचे हात तपासा, जन्मगाव नको."

नियम रद्द. सील आजच काढायचं. इतरांची घेता तशीच हिची परीक्षा महिन्याभरात घ्यायची, तोवर काम चालू. माझा जीव भांड्यात पडला, आणि तो इतक्या जोरात की शेजारच्या बाकावरच्यांनाही आवाज गेला असावा.

बाहेर पायऱ्यांवर सूनबाई थांबली. तिला हसू आवरेना आणि रडूही.

"आई, परीक्षा आहे हो माझी!" ती म्हणाली. "सगळ्यांसारखी!"

परीक्षा जाहीर झाली की रडणारी पोरं मी तीस वर्षं पाहिली. आनंदानं रडणारी ही पहिलीच. मी तिला तिथेच, भर गर्दीत, घट्ट जवळ घेतलं.