बांबूवरचा डबा

"टीव्हीच्या पडद्यावर मुंग्या येऊन राहिल्या तर मी काय करू जी? तुमचं गावच खड्ड्यात आहे," केशवराव मेकॅनिक म्हणाला आणि कृष्णरावांकडे बघून हसला. प्रश्न विचारला होता मंदाबाईनं. उत्तर मात्र तिसऱ्यांदा तिच्या नवऱ्याला मिळालं होतं.

करडी गावातलं त्यांचं घर तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाच्या पायथ्याशी, सखल जागी. म्हणून अँटेना पाळीवरच्या, पाण्याच्या मोटारीच्या खोलीशेजारी उंच बांबूवर चढवला होता. तिथून चपटी वायर झाडांवरून, गोठ्यावरून, तीन ठिकाणी जोड खात, दोनशे फूट येऊन घरात शिरायची. नागपूरचं चित्र टीव्हीपर्यंत पोचेस्तोवर पडदाभर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या होत आणि माणसांना नाकडोळे उरत नसत. त्यावर इलाज म्हणून केशवरावानं चित्राचा जोर वाढवणारा बूस्टर आणला. एक लहान डबा, एक मोठा. दोन्ही त्यानं टीव्हीमागं खिळ्याला अडकवले.

"चित्र वाढलं तशा मुंग्याबी वाढल्या. असं काहून?" एवढंच तिनं विचारलं होतं.

"पाटील, वहिनीले सांगा, हे काही धान कांडनं नोहे," म्हणत केशवरावानं सायकलवर टांग मारली. कृष्णराव खो खो हसले. मेकॅनिकचं तिला एवढं लागलं नाही, नवऱ्याचं हसणं लागलं.

मंदाबाईनं जन्मभर तलावाचं पाणी धानाच्या बांधीत घेतलेलं. पाट फुटका असला की शेवटच्या बांधीत गाळच येतो, आणि तिथं इंजिन लावलं तर तोच गाळ जोरात येतो, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

रविवारी सकाळी तिनं फर्मावलं, "बंडी जुंपा."

"कायले?"

"टीव्ही पाळीवर न्यायचा आहे."

"येडी झाली का तू?"

"होय, झाली. जुंपा."

टीव्ही वाकळेत गुंडाळून पाळीवर गेला. मोटारीच्या खोलीतल्या करंटवर लावला. लांब वायर सोडून तिनं बांबूच्या उंचीपुरता तुकडा अँटेनाला जोडायला लावला. बटण फिरवलं, आणि पडद्यावर बोलणाऱ्या बाईच्या लुगड्याच्या काठावरची वेलबुट्टीसुद्धा दिसली. मुंगी म्हणून औषधाला नाही.

"आता सांगा जी, गाव खड्ड्यात आहे का वायर?"

कृष्णराव टीव्ही पुन्हा वाकळेत गुंडाळू लागले.

दुसऱ्याच दिवशी ती जवाहरनगरला गेली. तिचा भाऊ वासुदेवराव तिथं कारखान्यात बिजलीच्या कामावर होता. सुट्टी बघून तो जाड गोल वायरचं अखंड वेटोळं घेऊन आला. टीव्हीमागं डोकावला आणि त्यानं कपाळाला हात लावला.

"बाई, हा लहान डबा इथं कोनं लावला? हा तर वर, अँटेनाच्या बुडाशी पायजे. चित्र साफ असते तिथंच त्याले वाढवायचं. खाली येऊन वाढवलं तर वाटेतला कचराबी वाढते. मोठा डबा नुसता करंट देते, तो घरातच राहते."

"मंग त्यानं खालीच काहून लावला?"

"वर लावाले बांबूवर चढा लागते नं."

मंदाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. चढायचा कंटाळा त्या माणसाचा, आणि अडाणी ठरली ती! वर गावालाही नावं ठेवून गेला.

वासुदेवरावानं डबा वर बांधला, पावसाचं पाणी शिरू नये म्हणून तोंडावर रबर गुंडाळलं, आणि गोल वायर कुठंही जोड न देता थेट घरात आणली. संध्याकाळी चित्र लागलं ते आरशासारखं. अर्धी आळी ओसरीवर जमली.

"वा, कृष्णराव! कसं जमवलं?" शेजारच्या पुंडलिकरावांनी विचारलं.

"मी पयलेच म्हनलो होतो," कृष्णराव मांडी ठोकून म्हणाले, "डबा वरच पायजे."

मंदाबाई उठली. भर कार्यक्रमात तिनं टीव्ही बंद केला. पोरं ओरडली, बाया कुजबुजल्या. ती टीव्हीपुढं पदर खोचून उभी राहिली.

"पयले खरं सांगा. मंगच चालू करीन."

"अवो, लोक बसले आहेत..."

"माह्यावर हासले तवा केशवराव समोर होता नं? आता यायच्यासमोर सांगा."

कृष्णराव पुंडलिकरावांकडं वळले. "हिनंच शोधलं. मी नुसती बंडी हाकली."

तिनं बटण फिरवलं आणि मागं वळून न बघता चुलीकडं गेली.

चार दिवसांनी पुंडलिकरावांची बायको, निर्मलाबाई, दारात आली. त्यांच्या घरीही केशवरावानं दोन्ही डबे खालीच टांगले होते.

"वहिनी, पाहाले येता का जी?"

"येतो," मंदाबाई म्हणाली. "पन पयले त्या केशवरावाले बलवा. बांबूवर त्यालेच चढवीन."